गालिचे, कोंबड्या आणि भाड्याच्या गाड्या

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी आई आणि बाबांमधलं वार्षिक युद्ध असतं. आईचं म्हणणं, वर्षभर हात न लागलेली वस्तू भंगारवाल्याला द्यावी. बाबांचं म्हणणं, असू दे, कधीतरी लागेल. यंदा माळ्यावरून वायरींचं एक खोकं निघालं आणि निवाडा माझ्याकडे आला. सगळ्यात वर होती ती पिवळी-लाल-पांढरी तीन टोकांची वायर, डीव्हीडी प्लेयर टीव्हीला जोडायला लागायची ती.

"ही आरसीए पिन आहे, ही टाकायची नाही," बाबा.

"आरसीए म्हणजे काय?" आई.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं ई अँड टीसीची फी भरली आहे, एवढं तर पोराला यायलाच हवं! मी म्हटलं, रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, एक कंपनी होती. रेकॉर्ड प्लेयर रेडिओला जोडायला तिने १९३० च्या दशकात ही पिन काढली.

"मग आता काय करते ती कंपनी?"

"नाहीये आता."

"बघा," आई बाबांना म्हणाली, "कंपनी गेली, पण आपल्याकडे तिची वायर आहे."

वायर राहिली. कंपनी का गेली हा प्रश्नही माझ्याकडेच राहिला. आणि खरं सांगायचं तर तो मला वेगळ्या कारणाने हवाच होता. मी ज्या कंपनीत आहे (नाव कशाला, पुण्यात अशा पन्नास असतील) तिथे आमची नऊ जणांची टीम डेटाबेसच्या पोटातलं काम करते. डेटा डिस्कवर कसा ठेवायचा, क्वेरी जलद कशी धावेल, असलं. गिऱ्हाइकाला आम्ही कधी दिसत नाही. मागच्या महिन्यात टाउनहॉल झाला आणि मोठ्या साहेबांनी एका स्लाइडवर अकरा नव्या प्रॉडक्ट्सची नावं दाखवली. पेरोल, हजेरी, चॅटबॉट, काय काय. आमच्या नऊपैकी पाच जणांनी तिकडे जायचं. कोण पाच, ते आम्हीच ठरवायचं, सोमवारपर्यंत. टीममध्ये तेव्हापासून सुतक आहे. "कोअर मारलं यांनी" हे वाक्य मी कँटीनमध्ये निदान वीस वेळा ऐकलं असेल, त्यातलं दहा वेळा स्वतःच्याच तोंडून.

तर हा वीकांत आरसीएवर घालवला.

कंपनी स्थापन झाली १९१९ मध्ये. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेला रेडिओचं तंत्र ब्रिटिश मार्कोनी कंपनीच्या हातात नको होतं, म्हणून जनरल इलेक्ट्रिकने मार्कोनीची अमेरिकन शाखा विकत घेऊन ही नवी कंपनी उभी केली. तिला मोठं करणारा माणूस डेव्हिड सार्नॉफ. आजच्या बेलारूसमधल्या एका खेड्यातून १९०० साली नऊ वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला, पेपर विकले, मार्कोनीत ऑफिसबॉय झाला, मग तारमास्तर. टायटॅनिक बुडालं तेव्हा आपण एकट्याने दिवसरात्र बसून संदेश घेतले ही गोष्ट तो आयुष्यभर सांगायचा; इतिहासकारांच्या मते त्यात भरपूर हवा भरलेली आहे. असो. १९३० मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्या आदल्या वर्षी आरसीएने व्हिक्टर ही रेकॉर्ड कंपनी घेतली होती आणि तिच्याबरोबर ग्रामोफोनपुढे बसलेला तो कुत्राही आला. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या रेकॉर्डवर जो होता तोच. चित्र एकच, कंपन्या दोन: अमेरिकेत कुत्रा व्हिक्टरचा, आपल्याकडे ब्रिटिश ग्रामोफोन कंपनीचा.

सार्नॉफचं मोठेपण हे की पैसे कधी परत येतील हे माहीत नसताना तो संशोधनावर पैसे लावायचा. झ्वोरिकिन नावाचा रशियन इंजिनिअर १९२९ मध्ये त्याला भेटला आणि म्हणाला, टेलिव्हिजन करून दाखवतो, दोन वर्षं आणि एक लाख डॉलर लागतील. नफ्याचा पहिला डॉलर दिसेपर्यंत पाच कोटी गेले. सार्नॉफ हा किस्सा स्वतःच हसत सांगायचा. (आमच्या एस्टिमेटवर हसणाऱ्या तमाम प्रोजेक्ट मॅनेजरांनी नोंद घ्यावी.) रंगीत टीव्हीचंही तसंच. १९५० मध्ये सरकारने प्रतिस्पर्धी सीबीएसच्या फिरत्या चकतीच्या पद्धतीला मान्यता दिली. त्या पद्धतीत अडचण अशी, की लोकांच्या घरातल्या कृष्णधवल संचांवर तो कार्यक्रम दिसणारच नाही. सार्नॉफने न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनची अख्खी लॅब कामाला लावली आणि जुन्या संचांवरही चालेल अशी पूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धत बनवून घेतली. १९५३ च्या डिसेंबरात सरकारने आधीचा निर्णय फिरवला आणि ही पद्धत मंजूर केली. १९५४ मध्ये पहिला संच बाजारात आला, किंमत १००० डॉलर. कुणी घेईना. १९६० च्या आसपास कुठे नफा दिसू लागला आणि तोवर सुमारे १३ कोटी डॉलर ओतून झाले होते.

इथपर्यंतची गोष्ट कँटीनमधल्या आमच्या बाजूची आहे. कोअरवर विश्वास ठेवा, पैसे टाका, धीर धरा. मला ती इथेच थांबवायला फार आवडलं असतं.

पुढची गोष्ट सांगताना सगळे मुलापासून सुरुवात करतात. सार्नॉफचा मुलगा रॉबर्ट १९६६ मध्ये अध्यक्ष झाला आणि १९६८ पासून सगळा कारभार त्याच्या हातात आला. आरसीएने रँडम हाउस हे प्रकाशन घेतलं (१९६६, तेव्हा थोरले सार्नॉफच चेअरमन होते हे मुलाला शिव्या देणारे विसरतात). मग १९६७ मध्ये गाड्या भाड्याने देणारी हर्ट्झ. मग जागा विकणारी-भाड्याने देणारी एक मोठी फर्म. मग बँक्वेट फूड्स, म्हणजे फ्रोझन चिकनची जेवणं विकणारी कंपनी. मग १९७१ मध्ये कॉरोनेट, गालिचे विणणारी. वॉल स्ट्रीटवर विनोद सुरू झाला की आरसीए म्हणजे 'रग्ज, चिकन्स अँड ऑटोमोबाइल्स'. त्या काळी अमेरिकेत ही साथच होती. टेलिफोनवाल्या आयटीटीने शेरेटन हॉटेलं घेतली, पावाच्या बेकऱ्या घेतल्या आणि एव्हिस ही हर्ट्झची प्रतिस्पर्धी कंपनीही घेतली. म्हणजे काही वर्षं अमेरिकेत भाड्याच्या गाड्यांची लढाई रेडिओ कंपनी विरुद्ध टेलिफोन कंपनी अशी चालली होती!

मी वाचताना खूश झालो होतो. सापडला गुन्हेगार! पेरोल, हजेरी, चॅटबॉट म्हणजे आमच्या कोंबड्या. पण हिशेब बघत गेलो तसा उत्साह कमी झाला. हर्ट्झ चांगली कमावत होती. आरसीएची खरी हाडं मोडली ती कोंबड्यांनी नाही, कॉम्प्युटरने. १९६४ मध्ये त्यांनी स्पेक्ट्रा ७० ही मालिका जाहीर केली, आयबीएमच्या सिस्टिम ३६० शी जुळणारी. कल्पना वाईट नव्हती, आयबीएमचं गिऱ्हाईक फोडायचं. पण प्रिन्स्टनच्या लॅबची मोठी ताकद त्यात गेली, आणि नेमकं त्याच काळात, १९६८ मध्ये, सोनीने ट्रिनिट्रॉन काढला. रंगीत टीव्ही ज्यांनी बनवला त्यांचं लक्ष आयबीएमकडे आणि सोनीचं लक्ष रंगीत टीव्हीकडे. १७ सप्टेंबर १९७१ ला आरसीएने कॉम्प्युटर धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. तोटा दाखवला ४९ कोटी डॉलरचा. थोरले सार्नॉफ त्याच डिसेंबरात वारले.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर हा तर इलेक्ट्रॉनिक्सचाच भाग, ही काही कोंबडी नव्हे. बरोबर. म्हणूनच 'कोअर विरुद्ध पसारा' ही मांडणी मला इथे डळमळीत वाटायला लागली. आणि मग लिक्विड क्रिस्टलचं प्रकरण वाचलं.

प्रिन्स्टनच्या लॅबमध्ये रिचर्ड विल्यम्सला १९६२ च्या सुमारास दिसलं की काही विशिष्ट द्रवांच्या पातळ थरातून वीज सोडली की त्यांचं दिसणं बदलतं. जॉर्ज हाइलमायर नावाचा तरुण इंजिनिअर, माझ्याच वयाचा, त्यामागे लागला आणि १९६४ मध्ये त्याने त्यातून चालणारा डिस्प्ले बनवला. आकडे उमटायचे, वीज जवळजवळ लागायचीच नाही. २८ मे १९६८ ला न्यूयॉर्कमध्ये आरसीएने वार्ताहरांना बोलावून तो दाखवला. त्यात एकही हलता भाग नसलेलं घड्याळ होतं. भिंतीवर टांगायच्या टीव्हीच्या गप्पा झाल्या. म्हणजे तुम्ही आत्ता ज्या पडद्यावर हे वाचताय, बहुधा त्याचा पणजोबा तिथे टेबलावर होता.

मग काय झालं? प्रॉडक्ट करायचं काम ज्या विभागांकडे गेलं त्यांना ते नको होतं. पिक्चर ट्यूबवाल्यांच्या पोटावर पाय येत होता. सेमिकंडक्टरवाल्यांना तो द्रव म्हणजे कारखान्यातली घाण वाटत होती. हाइलमायर वैतागून १९७० मध्ये सोडून गेला. दरम्यान जपानमधल्या शार्पच्या एका इंजिनिअरने टीव्हीवरच्या माहितीपटात आरसीएचा तो डिस्प्ले पाहिला. शार्पवाले अमेरिकेत आले आणि म्हणाले, आमच्या कॅलक्युलेटरसाठी बनवून द्या. आरसीएने बनवून द्यायला नकार दिला, लायसन्स मात्र दिलं. १९७३ मध्ये शार्पचा ईएल-८०५ आला, एका पेन्सिल सेलवर १०० तास चालणारा. आरसीएने १९७६ मध्ये आपला लिक्विड क्रिस्टलचा उरलासुरला धंदा टायमेक्सला विकून टाकला.

बनवायचं नाही, पण लायसन्स द्यायचं. हे वाक्य वाचून मी चहा करायला उठलो, कारण मला वाटतं गोम इथे आहे.

आरसीए जन्मापासून पेटंटवर जगणारी कंपनी. रॉयल्टी घ्यायची, द्यायची नाही, हा तिचा कुळाचार. १९३९ मध्ये टीव्हीच्या पेटंटसाठी फार्न्सवर्थला दहा लाख डॉलर द्यायची वेळ आली तेव्हा तिथे जणू सोवळंच मोडलं. १९५८ मध्ये सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यात तडजोड झाली. बरीचशी पेटंटं अमेरिकन कंपन्यांना फुकट खुली करावी लागली. परदेशी कंपन्यांकडून फी घ्यायला मात्र बंदी नव्हती. मग आरसीएने जपानी कंपन्यांना भरभरून लायसन्स दिली, शिकवायला माणसंही दिली, आणि त्या फीचा पैसा खूप मोठा होता. आता लॅबच्या बाजूने बघा. तुमचं काम छान आहे की नाही हे कसं ठरतं? पेटंट झालं, परदेशात विकलं गेलं, पैसा आला. आपल्याच कंपनीच्या कारखान्याने ते वापरलं की नाही याने लॅबचं काही बिघडत नव्हतं. आणि कारखान्यालाही लॅबची गरज उरली नव्हती. दोघं एका छताखाली राहत होते, सुखाने, न बोलता. आपल्याकडे असे संसार खूप बघायला मिळतात.

एक जुनी गोष्ट यात बसते. १९५१ मध्ये थोरल्या सार्नॉफने लॅबकडे रेडिओतल्या आपल्या पन्नाशीसाठी तीन भेटी मागितल्या होत्या: टीव्हीचं चित्र टेपवर घेणारं यंत्र, प्रकाश वाढवणारं उपकरण आणि हलता भाग नसलेला एअर कंडिशनर. लॅबने साहेबांना खूश करायला तिन्हींचे नमुने दिले. पण टेप बाजारात आणली ती १९५६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या अॅम्पेक्स या छोट्या कंपनीने. आरसीएची टेप सेकंदाला ३० फूट वेगाने सरळ पळवावी लागायची; अॅम्पेक्सने टेप सावकाश चालवून हेडच गरगर फिरवलं. अॅम्पेक्सला यंत्र टीव्ही स्टेशनांना विकायचं होतं. आरसीएच्या लॅबला ते वाढदिवसाला द्यायचं होतं.

इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एक वेगळी हळहळ. डिजिटलच्या प्रॅक्टिकलला आपण ब्रेडबोर्डवर लावायचो ते सीडी ४०१७, सीडी ४०११ आठवतात? एलईडी एकामागून एक लागायचे आणि एक पाय उलटा लावला की आयसी गरम व्हायचा. ती ४००० मालिका आरसीएची, १९६८ ची. त्यातलं ते 'सीडी' त्यांचंच. सीमॉसची कल्पना फेअरचाइल्डमध्ये सुचली होती, पण तिच्यातून विकाऊ माल बनवला आरसीएने. त्यांचा १८०२ हा प्रोसेसर गॅलिलिओ यानातून गुरूपर्यंत गेला. आज जगातली जवळजवळ प्रत्येक चिप सीमॉस आहे. इथे तर लॅब आणि कारखाना दोघांचं पटलं होतं, म्हणजे माझी थिअरी शंभर टक्के चालत नाही, हे कबूल.

पण सीमॉसचं पुढे काय झालं? फेब्रुवारी १९७४ मध्ये तैपेईतल्या सोयादुधाच्या एका दुकानात सकाळी सात जण नाश्त्याला बसले. त्यातले एक होते पान वेन-युआन, आरसीएच्या प्रिन्स्टन लॅबमधले चिनी वंशाचे संशोधक. बाकीचे तैवान सरकारचे लोक. तैवानने चिप बनवायला शिकायचं, हे तिथे ठरलं. १९७६ मध्ये तैवानच्या सरकारी संस्थेने आरसीएकडून सीमॉसचं लायसन्स घेतलं आणि तरुण इंजिनिअरांच्या तुकड्या आरसीएच्या कारखान्यांत शिकायला पाठवल्या. परत जाऊन त्यांनी जो प्रायोगिक कारखाना उभा केला त्यात चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाण थोड्याच काळात गुरूपेक्षा वर गेलं. त्याच संस्थेतून १९८० मध्ये यूएमसी निघाली आणि १९८७ मध्ये टीएसएमसी. मीडियाटेक काढणारे त्साई मिंग-काई हे आरसीएत शिकायला गेलेल्या मुलांपैकीच. आरसीएसाठी हा सौदा काय होता? लायसन्सची आणखी एक फी.

शेवट लवकर सांगतो, कारण तो नुसता उदास आहे. रॉबर्टला १९७५ मध्ये संचालकांनी काढलं. त्याच्या जागी आलेला माणूस वर्षभरात गेला, कारण त्याने अनेक वर्षं स्वतःचं इन्कम टॅक्स रिटर्नच भरलं नव्हतं! मग आलेल्याने कोंबड्या आणि पुस्तकं विकली आणि वर एक फायनान्स कंपनी घेतली. त्याच्या पुढच्याने ती फायनान्स कंपनी आणि हर्ट्झ विकली. म्हणजे १९८५ पर्यंत पसारा बराचसा आवरला होता. आणि लॅबला या काळात पैसा मिळत नव्हता असंही नाही. १९६० च्या दशकापासून तिथे व्हिडिओडिस्कवर काम चालू होतं: ग्रामोफोनसारखी खाचांची तबकडी, सुईने वाचायची, पण त्यावर सिनेमा. इंजिनिअरिंग म्हणून थक्क व्हावं असं काम. २२ मार्च १९८१ ला ती बाजारात आली. एव्हाना लोक व्हीसीआरवर टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला लागले होते आणि या डिस्कवर रेकॉर्ड करता येत नव्हतं. गंमत म्हणजे १९७७ पासून आरसीए स्वतःच जपानी व्हीसीआर आपलं नाव लावून विकत होती! विक्री विभागाला गिऱ्हाइकाला काय हवंय ते ठाऊक होतं. लॅबला कुणी विचारायला पाठवलं नाही. १९८४ मध्ये प्लेयर बंद, तोटा सुमारे ५८ कोटी डॉलर. म्हणजे कोंबड्यांनी नाही, कोअर रिसर्चने.

डिसेंबर १९८५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ६२८ कोटी डॉलरला आरसीए घेतली. ज्यांनी जन्माला घातलं त्यांनीच. टीव्हीचा धंदा फ्रान्सच्या थॉमसनला गेला, रेकॉर्ड कंपनी जर्मनांना, आणि प्रिन्स्टनची लॅब १९८७ मध्ये एसआरआय या संस्थेला चक्क दान केली. जनरल इलेक्ट्रिककडे स्वतःची लॅब होती, दुसरी कशाला.

आणि शार्प, ज्यांनी लिक्विड क्रिस्टलला जीव लावला? त्यांनी एलसीडी इतका घट्ट धरला की साकाईला २००९ मध्ये प्रचंड कारखाना काढला, दर पडले, कर्ज झालं, आणि २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने कंपनी घेतली. साकाईत टीव्हीचे पॅनल बनवणं २०२४ मध्ये थांबलं. म्हणजे 'कोअर सोडू नका' म्हणणाऱ्यांनी जपूनच बोलावं, मीसुद्धा.

शनिवारी रात्री मी एक नसता उद्योग केला. आमच्या टीमने मागच्या वर्षभरात केलेल्या मोठ्या कामांची यादी काढली. चौदा निघाली. प्रत्येकापुढे लिहिलं, हे कुणी मागितलं होतं? तीन कामं दुसऱ्या टीमांनी मागितलेली. अकरा आम्हाला 'भारी वाटली' म्हणून केलेली. त्यातल्या दोनांवर तर मी कॉन्फरन्सला बोलून आलोय, टाळ्या मिळाल्यात, आणि आमच्या स्वतःच्या प्रॉडक्टमध्ये ती अजून बंदच ठेवलेली आहेत, कारण चालू केली तर काय फायदा हे आम्ही कुणाला सांगायलाच गेलो नाही. मोठ्या साहेबांच्या अकरा प्रॉडक्ट्सचं मला अजूनही हसू येतं. आमच्या अकरा कामांचं आता येत नाही.

यादी टीमच्या ग्रुपवर टाकली आहे. दोघांनी अंगठा दिला, एकाने विचारलं की ही मॅनेजरला दाखवायची का, बाकीचे गप्प. पाच जणांत मी माझं नाव घातलं आहे. पेरोलवाल्यांची बाई आमच्याच मजल्यावर बसते, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. मंगळवारी दुपारची वेळ दिली आहे तिने.